सात ठिकाणं, एक दिवस आणि आजींची साखर

छत्रपती संभाजीनगरहून निघणाऱ्या एकदिवसीय सहलीचा कागद सगळ्या ट्रॅव्हल्सवाल्यांकडे जवळपास सारखाच असतो. देवगिरी (म्हणजे दौलताबादचा किल्ला), भद्रा मारुती, औरंगजेबाची कबर, वेरूळ, घृष्णेश्वर, आणि शहरात परतल्यावर बीबी का मकबरा व पाणचक्की. रस्त्यावर जे आधी लागतं ते आधी, एवढाच त्यामागचा विचार. ड्रायव्हरच्या दृष्टीने तो चूक नाही: गाडी सरळ जाते, सरळ येते.

हे प्रकरण अशाच एका कागदाचं. कुटुंबाने खाजगी गाडी आणि दिवसभराचा गाइड घेतला होता. तो गाइड मी. सहल नीट पार पडली, भांडण झालं नाही, कोणी आजारी पडलं नाही. तरीही लिहून ठेवतोय, कारण कागदावरचा क्रम आम्ही बराचसा उलटा केला, तीन ठिकाणं गाळली, एका ठिकाणी कुटुंबाचे दोन गट केले. खाजगी सहलीचे जास्तीचे पैसे लोक नेमके कशासाठी मोजतात, हे मला या दिवसावरून सांगता येतं. स्वतंत्र गाडीसाठी नव्हे. गाडी तर टॅक्सी स्टँडवरही मिळते.

माणसं कोण होती

सहा जण. पुण्याच्या आजी, वय 79, उजव्या गुडघ्याची वाटी बदललेली. त्यांचा मुलगा आणि सून. न्यू जर्सीहून नाताळच्या सुट्टीत आलेली मुलगी, जावई आणि 16 वर्षांचा नातू. जावई तिकडे हिशेबतपासणीच्या कामात. नातवाला मराठी कळतं, बोलताना मात्र तो वाक्य अर्ध्यावर सोडून इंग्रजीत उडी मारतो.

त्यांनी आधी मंगळवार मागितला होता. मंगळवारी वेरूळ बंद असतं (अजिंठा सोमवारी), हे ट्रॅव्हल्सवाल्याने सांगितलं आणि बुधवार ठरला. तेवढं झाल्यावर त्याने कागद पाठवला, पैसे घेतले, माझा नंबर दिला. बाकीचं आदल्या संध्याकाळी फोनवर ठरलं.

आदल्या संध्याकाळचा फोन

मी फोनवर ठिकाणांबद्दल बोलतच नाही, माणसांबद्दल विचारतो. कोण किती जिने चढेल? दर्शनाआधी खाणारं कोण, न खाणारं कोण? कोणाला कुठल्या ठिकाणी जायचंच नाही? शेवटचा प्रश्न लोकांना अवघड वाटतो, पण तो गाडीत उकरला जाण्यापेक्षा फोनवर निघालेला बरा.

उत्तरं अशी आली. सूनबाई म्हणाल्या, "आईंचं ज्योतिर्लिंगाचं दर्शन झाल्याशिवाय तोंडात पाणीसुद्धा जात नाही. आणि त्यांना साखर आहे, गोळी खाल्ल्यावरच घ्यायची असते." मुलगा म्हणाला, "त्या कबरीकडे गाडी वळवायची नाही." मागून जावयांचा आवाज आला, "अहो, इतिहास आहे तो, बघायला काय हरकत आहे?" नातवाचं म्हणणं, त्याला फक्त वेरूळचं कैलास लेणं बघायचंय, त्याने व्हिडिओ बघितलेत. आणि आजींनी स्वतः फोन घेऊन विचारलं, "जनार्दनस्वामींची समाधी आहे ना हो दौलताबादच्या किल्ल्यावर? तिथे डोकं टेकता येईल का?"

आता हे सगळं त्या कागदावर बसवून बघा. कागदाप्रमाणे सकाळी नऊला देवगिरी, म्हणजे घृष्णेश्वर दुपारी दीडच्या पुढे. 79 वर्षांची, साखर असलेली बाई दीडपर्यंत उपाशी राहणार, आणि तेही किल्ल्याच्या फरसबंदीवर चालून. कुठला तरी डॉक्टर हे मान्य करील का? आजींना "आधी थोडं खा" म्हणणं हा पर्याय घरच्यांनी आयुष्यभर वापरून बघितलेला होता. मी त्या फंदात पडलो नाही.

दुसरी गोष्ट मोठी. देवळात किती वेळ लागेल ते आपल्या हातात नसतं. रांग रांगेच्या गतीने सरकते, आरती लागली की थांबते, नाताळच्या सुट्टीत शाळांच्या बसगाड्या कधी येतील याचा नेम नाही. लेण्यांचं तसं नाही. वेरूळला 34 लेणी आहेत, दोन किलोमीटरच्या डोंगरउतारावर पसरलेली. त्यातली पाच बघा किंवा पंधरा, कात्री तुमच्या हातात. म्हणून जे कापता येत नाही ते सकाळी सगळ्यात आधी घ्यायचं आणि जे कापता येतं ते मागे ठेवायचं. रस्त्याने येणारा क्रम याच्या बरोबर उलट आहे: देवगिरी 15 किलोमीटरवर, वेरूळ 30 वर. म्हणजे देवगिरीच्या पायथ्याशी न थांबता तसंच पुढे जायचं आणि येताना थांबायचं.

मी तीन वाक्यांत योजना सांगितली. पहाटे पावणेसहाला निघायचं, थेट घृष्णेश्वर. मग वेरूळ, जेवण, भद्रा मारुती, उरलेला वेळ देवगिरीला. मकबरा रात्रीही उघडा असतो, ज्याला हवा त्याने हॉटेलवरून रिक्षाने जावं; पाणचक्की सोडून द्यावी. कबरीबद्दल मी एवढंच म्हणालो की खुलताबादेत थांबायला वेळ उरणार नाही. "वेळ नाही" हे कारण मामांनाही (म्हणजे आजींच्या मुलाला) चालतं आणि जावयांनाही. या धंद्यात ते फार उपयोगी पडतं, आणि त्या दिवशी तर ते खरंही होतं.

जावयांनी एक हिशेब मांडला: "सात ठिकाणांचे पैसे दिलेत, चारच बघणार?" वाजवी प्रश्न आहे. पण गाडीचं भाडं किलोमीटर आणि तासांवर लागतं, गाइडची फी दिवसावर. ठिकाणांच्या संख्येवर कोणीच काही आकारत नाही. सात हा आकडा जाहिरातीचा. हे मी त्यांना तसंच सांगितलं, आणि हिशेबातला माणूस असल्यामुळे त्यांना ते लगेच पटलं.

एक बोलणं ड्रायव्हरशीही झालं. कागदावर नसलेलं आठवं ठिकाण असतं, पैठणी आणि हिमरूचं दुकान. तिथे गिऱ्हाईक उतरलं की ड्रायव्हरला काहीतरी सुटतं, खरेदी झाली तर जास्त. मी ड्रायव्हरला वाईट म्हणणार नाही. त्याचा भत्ता बघितला तर ते समजण्यासारखं आहे. पण तिथे तास-दीड तास सहज जातो. मी कुटुंबाला उघड सांगितलं, दुकान नको असेल तर त्याला वरचे काही द्या, तो खूष राहील. दिले.

देऊळ

डिसेंबरातली पहाट, सगळे कानटोप्या-शालींत. एवढ्या लवकर निघायचं आणखी एक कारण म्हणजे देवगिरीच्या तटातला दिल्ली दरवाजा. खुलताबादकडे जाणारा रस्ता त्या जुन्या वेशीतून जातो, आणि सुट्टीच्या दिवसात दहानंतर तिथे दोन्हीकडून बस समोरासमोर आल्या की अर्धा तास बसून राहावं लागतं. सहा वाजता तिथे एक दुधाची गाडी तेवढी होती.

सातला आम्ही वेरूळ गावात. मोबाइल आणि कॅमेरा गाडीतच ठेवायला लावले, कारण आत नेता येत नाहीत. मी घडीचं स्टूल बरोबर ठेवतो. रांग थांबली की आजी बसायच्या, सरकली की उठायच्या. पुढे-मागे असलेल्या लोकांनी सांभाळून घेतलं. रांग सव्वा तास चालली.

घृष्णेश्वराच्या गाभाऱ्यात पुरुषांनी अंगातलं वरचं वस्त्र काढून जायचं असतं. हे मी फोनवर सांगितलं होतं, तरी नातू सभामंडपात येऊन अडला. नाही काढणार म्हणाला. मामांचा आवाज चढायला लागला, एवढ्या लांब येऊन वगैरे. थंडी हे निमित्त होतं, खरी गोष्ट वयाची. सोळाव्या वर्षी अनोळखी गर्दीत उघडं व्हायला कोणाला आवडतं? मी म्हटलं, त्याला सभामंडपात राहू द्या, इथून गाभारा दिसतो. आजींनी निकाल दिला: "राहू दे त्याला. नंदी पण इथेच बसतो." पोराला शब्द कळले की नाही माहीत नाही, पण तो नंदीशेजारी उभा राहिला आणि विषय संपला.

या देवळात पिंडीला हात लावता येतो, हे आजींना माहीत होतं; त्यासाठीच त्या आल्या होत्या. अभिषेकाचं गुरुजींशी काय ते सूनबाईंनी आधीच ठरवलं, दक्षिणेसकट. मी त्यात कधीच पडत नाही. गाइडने दक्षिणेबद्दल बोललं की तो कोणाच्या तरी बाजूचा ठरतो. बाहेर आल्यावर दोन मिनिटांत सांगितलं: आत्ताचं देऊळ अहिल्याबाई होळकरांनी 18व्या शतकात बांधलेलं, त्याआधी मालोजीराजे भोसल्यांनी जीर्णोद्धार केला होता, आणि हे वेरूळ म्हणजे भोसल्यांचं गाव. खालचा भाग लाल दगडाचा, वरचं शिखर विटा-चुन्याचं. आजींचं लक्ष नव्हतं. साडेआठला त्यांच्यापुढे गरम पोहे आले, गोळी पोटात गेली, आणि माझ्या दृष्टीने दिवसातला अवघड भाग संपला.

कैलास

तिकिटाच्या खिडकीवर छोटा घोळ झाला. भारतीयाला 40 रुपये, परदेशी पासपोर्टवाल्याला 600. नातवाचं ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) दाखवलं असतं तर 40 मध्ये भागलं असतं. कार्ड हॉटेलच्या तिजोरीत. 600 भरले. जावयांनी ते वहीत टिपून घेतल्याचं मी पाहिलं.

वेरूळची लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत. म्हणजे सकाळी सगळं सावलीत, आणि दुपारी तीननंतर ऊन थेट आत येतं. फोटोसाठी दुपार चांगली, यात वादच नाही, आणि जावई मोठा कॅमेरा घेऊन आले होते. पण सकाळी नऊला 16 नंबरचं लेणं, म्हणजे कैलास, जवळजवळ रिकामं असतं, दगड गार असतो आणि आजींचे पाय ताजे असतात. मी सकाळ निवडली. ते थोडे खट्टू झाले.

आजींना घेऊन मी वर चढलोच नाही. आत शिरल्या शिरल्या समोर गजलक्ष्मी आहे, नजरेच्या उंचीवर. तिथे पाच मिनिटं. मग खालच्या चौकातून उजवीकडे वळून दक्षिण अंगाला, जिथे रावण कैलास हलवतोय. हा प्रसंग खालून बघण्यासाठीच आहे. रावण पायथ्याच्या अंधाऱ्या कोनाड्यात गुडघे टेकून, वीस हात पसरून डोंगराला खांदा लावतोय; वर पार्वती घाबरून शिवाला बिलगलीय, तिची दासी पळत सुटलीय, आणि शिव नुसता पायाचा अंगठा दाबून बसलाय. लोक फोटो काढतात आणि पुढे जातात. पण रावण सगळ्या दृश्यापासून सुटा, खोल कोरलाय. त्याच्या मागे हवा आहे. त्यामुळे उजेड बदलला की त्याची सावली हलते. आजी स्टुलावर बसून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "एवढा मोठा राक्षस, आणि अंगठ्यानं दाबला."

मग त्यांनी चपला काढल्या. मी म्हटलं, आजी, इथे गरज नाही. "पिंड आहे ना वर?" आहे. "मग पूजा का नाही करत?" हा प्रश्न मला दर आठवड्याला कोणी ना कोणी विचारतं, आणि त्याचं उत्तर कोरडं आहे: वास्तू पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आली तेव्हा जिथे नित्यपूजा चालू होती तिथे ती चालू राहिली, जिथे नव्हती तिथे नव्याने सुरू करू देत नाहीत. घृष्णेश्वर इथून किलोमीटरभर. तिथे शिव नांदता आहे, इथे संरक्षित. आजींना हा फरक मान्य झाला असं वाटलं नाही. चपला हातातच राहिल्या.

म्हणून मी त्यांना कोकसाची गोष्ट सांगितली. जुन्या मराठी कथेत आहे. राजा आजारी पडला. राणीने घृष्णेश्वराला नवस बोलला: राजा बरा झाला तर देऊळ बांधीन, आणि त्याचं शिखर डोळ्यांनी बघेपर्यंत अन्न घेणार नाही. राजा बरा झाला, पण देऊळ बांधायला वर्षं लागणार, राणी तोवर जगणार कशी? तेव्हा पैठणच्या कोकस नावाच्या कारागिराने डोंगर वरून कोरायला घेतला आणि आधी शिखरच दाखवलं. राणी जेवली. तिच्या नावावरून या लेण्याला माणकेश्वर म्हणायचे. आजींनी सुनेकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बघ. मी निदान सकाळीच उरकलं."

गोष्ट म्हणून ती गोष्टच. पण वरून खाली कोरलंय हे खरं, आणि नातवाला नेमकं तेच दाखवायचं होतं. कारण त्याचा व्हिडिओ म्हणत होता की हे माणसाचं काम नव्हेच, परग्रहावरून कोणीतरी आलं होतं. गेल्या काही वर्षांत सोळा-सतरा वर्षांची पाचपैकी तीन पोरं मला हेच विचारतात. हसून चालत नाही. हसलं की पोरगं मिटतं.

त्याला आणि त्याच्या आईवडिलांना घेऊन मी बाजूच्या वाटेने डोंगरावर गेलो, जिथून कैलास वरून दिसतो. मंडपाच्या छतावरचे कमळाभोवतीचे सिंह तिथूनच नीट दिसतात. त्याला म्हटलं, देवळाकडे नको बघू, देवळामागची भिंत बघ. आधी तिन्ही बाजूंनी चर खणून मधला खडक सुटा केला, त्या चराची ही भिंत. तिच्यावर छिन्नीच्या उभ्या-तिरक्या रेघा आहेत, हातभर लांबीच्या पट्ट्यांत. एका माणसाचा हात जेवढा पोचतो तेवढी एक पट्टी, मग खाली दुसरी. खाली उतरल्यावर एका पट्टीशी त्याला हात लावून उभं केलं. रेघा त्याच्या खांद्यापासून कमरेपर्यंत आल्या. यापेक्षा जास्त बोलायची गरज पडली नाही, पण पोरगं हुशार, त्याने विचारलं, "मग लोकांना विश्वास का नाही बसत?"

त्यावर सांगण्यासारखं एक आहे. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात, 8व्या शतकात, कैलासाचं मुख्य काम झालं. पुढे त्याच घराण्याच्या गुजरात शाखेतल्या कर्कराजाचा इ.स. 812 चा ताम्रपट बडोद्याला सापडला. त्यात एलापूरच्या (म्हणजे वेरूळच्या) या देवळाचं वर्णन आहे. विमानातून जाणारे देव ते बघून थक्क होतात, हे माणसाने घडवलेलं असणं शक्य नाही, आपोआप झालं असावं म्हणतात. आणि ज्याने घडवलं तो कारागीरही म्हणतो, हे माझ्या हातून झालं कसं? म्हणजे देऊळ नवं कोरं असतानाही लोक हेच म्हणत होते. "आकाशातले पाहुणे आहेतच त्या ताम्रपटात," मी म्हटलं, "पण बघे म्हणून. काम करणारा खालीच आहे." पोराला हे आवडलं. जावयांनी ताम्रपटाचं साल लिहून घेतलं.

दोन लाख टन दगड काढला, असा आकडाही सगळीकडे फिरतो. तो चराच्या मापावरून काढलेला अंदाज आहे. मी तो सांगत नाही. आकडा ऐकला की लोक बघायचे थांबतात.

बाकी लेण्यांना कात्री लावली. आवारातल्या गाडीने जैन लेण्यांपर्यंत गेलो, 32 नंबर फक्त. इंद्रसभा म्हणतात, पण हत्तीवरचा तो इंद्र नव्हे, यक्ष आहे. परत येऊन 10 नंबर, ज्याला सुतार लेणं म्हणतात. छताला दगडातच लाकडी वाशांसारख्या फासळ्या कोरल्यात, आणि स्तूपापुढे पाय सोडून बसलेला बुद्ध आहे. सुतार मंडळी त्यालाच विश्वकर्मा समजून पूजत आली. इथे मी सगळ्यांना गप्प राहायला सांगतो आणि एक लांब ओंकार म्हणतो. आवाज छतात फिरत राहतो. युक्ती जुनी आहे, सगळे गाइड करतात, दर वेळी चालते.

जेवण, मारुती आणि मग देवगिरी

सव्वाला जेवलो. भद्रा मारुतीला वीस मिनिटं. मारुती इथे निजलेला आहे, हे बघून नातू पहिल्यांदा स्वतःहून हसला. खुलताबादेतून जाताना गाडी थांबली नाही. मी चालत्या गाडीत एवढंच सांगितलं की हे गाव औरंगजेबाच्या आधीपासूनच प्रसिद्ध. 14व्या शतकातले सूफी बुऱ्हानुद्दीन गरीब यांचा दर्गा इथे, निजामशाहीचा वजीर मलिक अंबरही इथेच पुरलेला, 1626 साली गेला. मामा खिडकीबाहेर बघत होते. जावयांनी मलिक अंबरबद्दल दोन प्रश्न विचारले, उत्तरं ऐकली. त्यापुढे विषय गेला नाही.

साडेतीनला देवगिरी. इथे खरा पेच होता, कारण अवशेष आणि श्रद्धास्थान एकाच डोंगरावर, आणि ज्यांना वर जायचं होतं त्यांना जाता येणार नव्हतं. जनार्दनस्वामी निजामशाहीत या किल्ल्याचे किल्लेदार, संत एकनाथांचे गुरू. त्यांची समाधी वरच्या अंगाला. खंदक, अंधारी (किल्ल्यातला काळोखा भुयारी मार्ग) आणि शेकडो पायऱ्या मध्ये. डोली मिळाली तरी अंधारीतल्या वळणावळणाच्या पायऱ्यांवर कोणी आजींना उचलून नेईल, हे मला मान्य नव्हतं. किल्ला संध्याकाळी बंद होतो, म्हणजे उशीर करूनही चालणार नव्हतं.

मी आदल्या रात्रीच एका ओळखीच्या लायसनवाल्या गाइडला तीन तासांसाठी बोलावून ठेवलं होतं. त्याची फी कुटुंबाने वेगळी दिली. तो आजी, मामा आणि मामींबरोबर खाली राहिला: चाँद मिनार बाहेरून, हत्ती हौद, आणि भारतमाता मंदिर. हे मंदिर बसायला फार चांगलं. मोठं मोकळं आवार, जुन्या देवळांतून आणलेल्या खांबांची रांगच्या रांग. यादवांच्या काळातले खांब, सुलतानांच्या काळात झालेली मशीद, आणि हैदराबाद मुक्तीनंतर तिथे बसवलेली भारतमातेची मूर्ती. एका जागी बसून सातशे वर्षं दाखवता येतात, गुडघा न वाकवता.

मी उरलेल्या तिघांना घेऊन वर. आजींनी निघताना नातवाच्या हातात सकाळची घृष्णेश्वराची बेलपानं ठेवली आणि म्हणाल्या, "तिथे ठेव आणि माझं नाव सांग." त्याने मला हळूच विचारलं, नेमकं कोणाला सांगायचं?

तेव्हा चढताना त्याला एकनाथांची गोष्ट सांगितली. पैठणचा मुलगा, गुरूच्या शोधात इथे आला. जनार्दनस्वामींनी त्याला हिशेब लिहायला बसवलं. एका रात्री हिशेबात एका पैची चूक लागेना. पहाटेपर्यंत जागून त्याने ती शोधली आणि आनंदाने टाळी वाजवली. स्वामी म्हणाले, एका पैसाठी एवढा आनंद, मग संसारातली मोठी चूक सापडली तर केवढा होईल! ही परंपरेतली कथा. जावई जिन्यावर थांबून हसले, धाप लागलेली होती तरी. "आमच्या ऑफिसात टाळी कोणी वाजवत नाही," म्हणाले.

अंधारीत मोबाइलचे दिवे, वटवाघळांचा वास. शत्रू आत शिरला की त्याला चुकवण्यासाठी ही वळणं. बाहेरच्या तोंडाशी धूर कोंडायची सोय. नातवाला कैलासाइतकंच हे आवडलं. समाधीपाशी त्याने पानं ठेवली, नाव मोठ्याने सांगितलं, फोटो काढला. मग थोडा वेळ काय करावं ते न कळून उभा राहिला. खाली आल्यावर आजींनी फोटो चष्मा लावून, मोठा करून बघितला. त्यांचा पहिला प्रश्न: "झाडून घेतलेलं होतं का?"

हिशेब

सव्वासातला हॉटेलवर पोचलो. ड्रायव्हरची ड्यूटी ठरल्यापेक्षा दीड तास जास्त झाली. ते पैसे जावयांनी तिथेच रोख दिले, आणि तिकिटाचे 600, दुसऱ्या गाइडची फी, ड्रायव्हरचे वरचे, सगळं एका पानावर उतरवलेलं मला दाखवलं. कागदातल्या सात जागांपैकी चार झाल्या. रात्री नऊला जावई एकटेच रिक्षाने मकबरा बघून आले. मामांची एकच तक्रार राहिली, पहाटे पावणेसहाची.

ट्रॅव्हल्सवाल्याशी मी नंतर बोललो. माझे फोनवरचे प्रश्न त्याने बुकिंगच्या वेळी विचारायचं मान्य केलं, आणि आता तो विचारतोही. क्रम मात्र बदलणार नाही म्हणाला. बाकीच्यांच्या कागदावर सात असताना याच्या कागदावर चार दिसली तर गिऱ्हाईक फोनच करत नाही. मी फार ताणून धरलं नाही.

महिन्याभराने सूनबाईंचा निरोप आला. त्यांच्या बहिणीच्या घरचे आठ जण महाशिवरात्रीला येतायत, असाच दिवस आखून द्याल का? मी नाही म्हणून कळवलं. महाशिवरात्रीला घृष्णेश्वराची रांग गावाबाहेर जाते आणि गाड्या लांबच अडवतात. त्या दिवशी फक्त देऊळ घ्या, आणि लेणी दुसऱ्या दिवशी. दुसरा दिवस मंगळवार निघाला तर आदल्या दिवशी.